‘बघून दाबायचं ना!’ चूक बोटाची की स्क्रीनची?

(लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आजचा पूर्ण भाग लिखित स्वरूपात. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय अक्षरशः तुमच्या हातात आहे. तुमच्या फोनची स्क्रीन. त्यावरची बटणं, अक्षरं, रंग, ती मधेच टपकणारी ‘तुम्हाला खात्री आहे का?’वाली चौकट. या सगळ्याला मिळून यूजर इंटरफेस म्हणतात. आणि तो चांगला कधी, वाईट कधी, हे आज बघायचंय.

सुरुवात माझ्या आत्यापासून करतो. आत्या म्हणजे तीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई. व्याजाचं गणित तोंडी करते. तीन-चार वर्षांपूर्वी तिने जुना दिवाण विकायला ऑनलाइन जाहिरात टाकली. एकाचा फोन आला, गोड बोलला, भाव न करता तयार झाला. म्हणाला, “ताई, ॲडव्हान्स पाठवतो, तुमच्या ॲपवर येईल, फक्त ॲक्सेप्ट करा.” आलं. स्क्रीनवर मोठ्या आकड्यात २,००० रुपये आणि खाली ‘दिवाण ॲडव्हान्स मिळवण्यासाठी’. आत्याने बटण दाबलं, पिन टाकला, आणि दोन हजार गेले. आले नाहीत, गेले.

संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने तिला एकच वाक्य ऐकवलं. “अगं, बघून दाबायचं ना!” मीसुद्धा. त्या दिवसानंतर आत्याने ते ॲपच काढून टाकलं. गॅसचे पैसे भरायलाही कुणाला तरी फोन करायची. पैसे गेल्याचं दुःख तिने आठवड्याभरात गिळलं असेल, पण ‘मला जमत नाही’ हे जे मनात बसलं, ते बराच काळ गेलं नाही.

मग एक दिवस मी एक प्रयोग केला. माझ्या फोनवरून तिच्या फोनवर दहा रुपयांची तशीच विनंती पाठवली. आणि ती स्क्रीन कशी दिसते ते शांतपणे बघितलं. बघितल्यावर जरा लाज वाटली, कारण आत्याने बघूनच दाबलं होतं. स्क्रीनवर जे ठळक होतं ते सगळं तिने वाचलं होतं.

काय होतं तिथे? सर्वांत मोठा होता आकडा. पण पैसे येणार की जाणार, हे आकड्याजवळ कुठेच नव्हतं. अधिक-उणे नाही, बाण नाही, काही नाही. त्याखालची ओळ होती पाठवणाऱ्याने स्वतः टाईप केलेली टीप. म्हणजे चोराचं वाक्य. पण ॲपने ती आपल्याच अक्षरांत, आपल्याच मांडणीत दाखवली, त्यामुळे ती जणू ॲपच सांगतंय असं वाटत होतं. आणि ‘तुमच्या खात्यातून वजा होतील’ ही एकमेव कामाची ओळ बारीक राखाडी अक्षरांत, पार तळाशी.

पण मला खरी गंमत, म्हणजे गंमत नाही, खरी मेख सापडली ती पिनमध्ये. आपण म्हणतो, “पिन टाकला की पैसे जातात, एवढं कळत नाही?” आता आत्याच्या बाजूने विचार करा. तिने पिन पहिल्यांदा कुठे वापरला? एटीएमवर. तिथे पिन टाकला की काय होतं? नोटा हातात येतात! इतकी वर्षं पिन म्हणजे पैसे मिळायची किल्ली. यूपीआयमध्ये नुसता बॅलन्स बघायलाही पिन लागतो, आणि तेव्हा खात्यातून एक पैसा जात नाही. म्हणजे तिच्या अनुभवात पिन म्हणजे ‘मीच आहे’ हे सांगायचं साधन. ‘पैसे घ्यायला पिन टाका’ हे तिला विचित्र वाटायचं कारणच नव्हतं. चोराला हे माहीत होतं. स्क्रीन बनवणाऱ्याने याचा विचार केलेला दिसत नाही.

एखादी गोष्ट कशी चालते याचं एक चित्र आपल्या डोक्यात असतं आणि एक बनवणाऱ्याच्या डोक्यात असतं. ही दोन चित्रं जुळवायचं काम स्क्रीनचं. डॉन नॉर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर १९८८ साली अख्खं पुस्तक लिहिलं. आज ते ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या नावाने ओळखलं जातं आणि या क्षेत्रात शिरणारा जवळजवळ प्रत्येक जण ते वाचतो. त्यातला सगळ्यात गाजलेला विषय कॉम्प्युटर नाही, दार आहे. ऑफिसचं काचेचं दार, दोन्ही बाजूंना सारखीच उभी मूठ. मूठ दिसली की हात आपोआप ओढतो. पण दार ढकलायचं असतं. आपण आपटतो, इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं नाही ना, आणि मनात म्हणतो, “काय वेंधळा आहे मी.” नॉर्मनचं म्हणणं, वेंधळा तू नाहीस. ज्या दारावर ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागते, ते दार चुकलंय. अशा दारांना आता त्याच्याच नावाने ‘नॉर्मन डोअर’ म्हणतात.

दार नको, तर आपल्या घरातला स्विचबोर्ड घ्या. एका ओळीत आठ सारखी बटणं. पाहुणा आला, पंखा लावायचाय. तो ट्यूब लावतो, बाहेरचा दिवा लावतो, बेल वाजवतो, आणि सहाव्या प्रयत्नात पंखा. तुम्ही हसत म्हणता, “अहो, ते डावीकडून तिसरं.” तुम्हाला माहीत आहे कारण तुम्ही पाठ केलंय. बटणांची रांग आणि खोलीतल्या वस्तूंची जागा यांचा एकमेकांशी संबंधच नाही. कितीतरी ॲप असा स्विचबोर्ड असतात. रोज वापरणाऱ्याला ते ‘सोपं’ वाटतं, कारण त्याने ते पाठ केलेलं असतं.

दिवा विझला, पण झडप उघडीच

आता दारावरून एकदम अणुभट्टीवर जातोय, पण धागा तोच आहे.

२८ मार्च १९७९, पहाटे चार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात गडबड झाली. दाब कमी करायला एक झडप उघडली आणि नंतर ती बंद व्हायला हवी होती. कंट्रोल रूममधला त्या झडपेचा दिवा विझला. ऑपरेटर समजले, झडप बंद झाली. प्रत्यक्षात ती अडकून उघडीच राहिली होती. तिच्यातून भट्टी थंड ठेवणारं पाणी दोन तासांहून जास्त वेळ बाहेर जात होतं. भट्टीचा गाभा अर्धवट वितळला.

मग दिवा खोटं बोलला का? नाही, तीच तर भानगड. ‘झडपेला बंद होण्याचा हुकूम गेलाय’ एवढंच तो दिवा सांगत होता. हुकूम पाळला गेला की नाही, हे त्याला माहीतच नव्हतं. सुरुवातीला लोकांनी ऑपरेटरना दोष दिला. नंतर कंट्रोल रूमच्या रचनेचा अभ्यास करायला ज्या तज्ज्ञांना बोलावलं, त्यात नॉर्मनही होता. ‘माणसाची चूक’ म्हणून फाईल बंद करायची नाही, हे त्याचं ठाम मत तिथून आणखी पक्कं झालं.

तुमचा-आमचा काय संबंध? नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवर चला. गिऱ्हाईक फोन पुढे करतं, हिरवी टिक दाखवतं, “काका, गेले बघा पैसे.” ती टिक गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर आहे. काकांच्या खात्यात काय झालं, ते ती टिक सांगत नाही. शिवाय हुबेहूब तशी स्क्रीन दाखवणारी खोटी ॲपही निघाली. काकांचे दोन्ही हात पिठात, डोळे कढईवर. ते काय मेसेज बघत बसणार?

याचं उत्तर म्हणजे गाडीवरचा तो बोलका डबा. “पंचवीस रुपये प्राप्त झाले.” माझ्या मते आपल्याकडच्या गेल्या दहा वर्षांतल्या उत्तम इंटरफेसपैकी हा एक आहे, आणि त्याला धड स्क्रीनसुद्धा नाही! कारण त्याने तीन गोष्टी बरोबर ओळखल्या. खबर कुणाला हवी आहे? विकणाऱ्याला. त्याचं काय मोकळं आहे? कान. आणि खबर कशाची हवी? पैसे ‘पाठवले’ याची नाही, ‘आले’ याची. थ्री माइल आयलंडचा दिवा नेमका इथेच कमी पडला होता.

जेकब नील्सन या तज्ज्ञाने १९९४ साली इंटरफेस तपासायच्या दहा कसोट्या मांडल्या, आजही त्या वापरल्या जातात. त्यातली पहिलीच ही आहे. आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला वेळेवर कळू द्या. तुम्ही पेमेंट करता, चक्र फिरत राहतं, फिरत राहतं. पैसे कापले? नाही कापले? पुन्हा दाबू? पोटात जो गोळा येतो, तो त्या स्क्रीनचा दोष आहे. ‘बँकेकडून उत्तर यायचंय, पुन्हा पैसे पाठवू नका’ एवढं एक वाक्य लिहिलं तरी तो गोळा निम्म्याने कमी होतो.

‘खात्री आहे का?’ या प्रश्नाचा काही उपयोग आहे का?

आता हवाई. १३ जानेवारी २०१८, शनिवार, सकाळी ८ वाजून ७ मिनिटं. अख्ख्या बेटांवर फोन किंचाळले. क्षेपणास्त्र येतंय, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. लोक मुलांना घेऊन बाथटबमध्ये लपले, कुणी घरच्यांना शेवटचे निरोप पाठवले. क्षेपणास्त्र वगैरे काहीच नव्हतं. तो सरावच होता, पण इशारा खरा गेला होता.

नंतरच्या सरकारी चौकशीत दोन्ही बाजू दिसल्या. सरावाच्या निरोपातच ‘हा सराव नाही’ हे शब्द होते, त्यामुळे ज्याने इशारा पाठवला त्याला हल्ला खराच वाटला होता. म्हणजे नुसतं चुकीचं बटण दाबलं गेलं, इतकी ही गोष्ट सोपी नाही. पण सॉफ्टवेअरकडे बघा. सराव आणि खरा इशारा, दोन्हीचं काम एकाच प्रकारच्या स्क्रीनवर. दोन्हीसाठी खात्री विचारणारा प्रश्नही सारखाच, इशारा पाठवायचा हे नक्की का? माणसाने ‘हो’ म्हटलं. तो ‘हो’च म्हणणार ना! त्याला पाठवायचाच होता. ‘हवाईतल्या प्रत्येक फोनवर खरा इशारा जाणार आहे’ असं त्या चौकटीने सांगितलं असतं, तर निदान दुसऱ्या कुणी थांबवायची शक्यता तरी होती.

आणि याहून वाईट म्हणजे परतीचा रस्ता. चूक काही मिनिटांत कळली होती. पण ‘तो इशारा खोटा होता’ असा निरोप पाठवायची तयार सोयच नव्हती. तो मजकूर नव्याने तयार करावा लागला. फोनवर खुलासा पोचला ८ वाजून ४५ मिनिटांनी. ३८ मिनिटं! (गव्हर्नर साहेबांना खुलासा ट्वीट करायचा होता, तर त्यांना ट्विटरचा पासवर्ड आठवेना. हे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केलं. पासवर्ड या विषयावर वेगळा भाग करू.)

‘तुम्हाला खात्री आहे का?’ ही चौकट आपल्याला दिवसातून इतक्या वेळा दिसते की अंगठा ती न वाचताच ‘हो’ दाबतो. सवय. मराठीत तर त्याची अजून एक भन्नाट आवृत्ती आहे. तुम्ही ऑर्डर रद्द करायला जाता. चौकट विचारते, “ऑर्डर रद्द करायची आहे?” खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता सांगा, ऑर्डर रद्द करायला कुठलं दाबायचं? ‘रद्द करा’ म्हणजे ऑर्डर रद्द, की रद्द करणं रद्द? इंग्रजी ‘कॅन्सल’चं कुणीतरी यंत्राने भाषांतर केलं आणि मराठी वापरणाऱ्याला चक्रव्यूहात सोडलं. ‘ऑर्डर रद्द करा’ आणि ‘ऑर्डर राहू द्या’. झालं. बटणावर क्रियापद लिहा, आणि काय होणार ते पूर्ण लिहा. याला पैसे लागत नाहीत.

चौकटीपेक्षा चांगली गोष्ट म्हणजे ‘अनडू’. आधी करू द्या, मग परत घ्यायची संधी द्या. जीमेलमध्ये मेल पाठवल्यावर काही सेकंद ते परत बोलावता येतं. सेटिंगमध्ये ही वेळ ५ पासून ३० सेकंदांपर्यंत ठेवता येते. (आत्ता जाऊन ३० करून ठेवा, बॉसला मेल पाठवणाऱ्यांनी तर नक्की.) ही सोय मानसशास्त्र ओळखून केलेली आहे. चूक आपल्याला दाबायच्या आधी कळतच नाही, ती दाबल्यावर दुसऱ्या सेकंदाला कळते.

पण यूपीआयचे पैसे असे परत बोलावता येत नाहीत. एकदा समोरच्याच्या खात्यात गेले की आपल्याला ते ॲपमधून मागे घेता येत नाहीत. म्हणूनच माझं म्हणणं आहे की जिथे मागे फिरता येतं तिथे ॲपने मला एकही प्रश्न विचारू नये, आणि जिथे फिरता येत नाही तिथे मात्र मला अडवावं, थांबवावं, कुणाच्या खात्यात किती जाणार ते ठळक अक्षरांत दाखवावं. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं असतं. वॉलपेपर बदलायला तीन चौकटी आणि पैसे पाठवायला गुळगुळीत घसरगुंडी.

इथे एक बरी बातमी. यूपीआय चालवणाऱ्या मुंबईतल्या एनपीसीआयने २०२५ मध्ये दोन बदल केले. एक, पैसे पाठवण्याआधी ॲपने समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवायचं. आपण फोनमध्ये सेव्ह केलेलं किंवा त्याने स्वतःच ठेवलेलं टोपणनाव चालणार नाही. आणि दुसरा, १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवायची ती ‘कलेक्ट’ विनंती बंद. हो, आत्याला आली होती तीच. जनजागृतीच्या इतक्या जाहिराती झाल्या, ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे सगळीकडे सांगून झालं, आणि शेवटी तो दरवाजाच काढून टाकावा लागला. मला हे फार बोलकं वाटतं. व्यापाऱ्यांच्या विनंत्यांना मात्र ती बंदी नव्हती, आणि क्यूआर स्कॅन करायला लावून ‘पैसे मिळतील’ सांगणारे भामटेही आहेतच, त्यामुळे गाफील राहू नका.

हीच हत्यारं उलटी धरली तर

आतापर्यंत मी निष्काळजीपणाबद्दल बोललो. पण काही स्क्रीन मुद्दाम तशा बनवलेल्या असतात. ‘घ्या’चं बटण अंगठ्याएवढं, रंगीत, आणि ‘नको’ ची फुली मुंगीएवढी. हा योगायोग नाही. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मोजून दाखवलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. म्हणून तर अँड्रॉइडच्या नियमांत बोटाने दाबायची जागा निदान ४८ डीपी आणि ॲपलच्या नियमांत ४४ पॉइंट असावी असं सांगितलंय. ‘डीपी’ म्हणजे प्रोफाइल फोटो नाही हां, स्क्रीनवरचं माप. जाहिरातीच्या फुलीला हा नियम नेमका कोण विसरतं, ते तुम्हीच बघा.

अशा फसव्या रचनांना हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. आणि आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असे १३ प्रकार दिलेत. तुम्ही न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, खोटी घाई, सहज सुरू होणारं पण बंद न होणारं सबस्क्रिप्शन, शेवटच्या पानावर फुगणारी किंमत. विमानाचं तिकीट काढताना विमा नको म्हटलं तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या बटणावर दाबायला लावायचं, हे उदाहरण तर त्या तत्त्वांतच आहे. म्हणजे लाज वाटायला लावून विकायचं. हे दिसलं तर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०, लगेच, त्याच तासात. आत्याच्या वेळी आम्ही पहिला तास तिला बोलण्यात घालवला.

तुमच्यातले बरेच जण कोडिंग शिकतायत, कुणी कॉलेजच्या फेस्टचं ॲप बनवतंय. तुमच्यासाठी एकच काम सांगतो. तुमचं ॲप भर दुपारी, उन्हात, एसटी स्टँडवर उभं राहून वापरून बघा. एका हातात पिशवी. ती पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरं दिसतात का? वेबसाठीचे जागतिक सुलभता नियम म्हणतात, साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा फरक निदान ४.५ ला १ हवा. आकडा विसरलात तरी चालेल, ऊन विसरू नका. मग फोन घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या हातात द्या, एक काम सांगा, आणि पाच मिनिटं तोंड बंद ठेवा. “तिथे दाबा” म्हणायचं नाही. अवघड आहे, मला माहितेय. मी आत्याबरोबर केलं तेव्हा दीड मिनिटात बोललो.

हो, आत्याने ॲप परत घेतलंय. आता पैसे पाठवताना ती स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचते, समोर दुकानदार ताटकळत असला तरी. मागच्या आठवड्यात तिने मला फोन करून विचारलं, “अरे, इथे ‘प्रोसीड’ लिहिलंय. प्रोसीड म्हणजे नक्की काय होणार, ते कुठे लिहिलंय?”

मी शोधलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तुमच्या फोनमधली अशी बटणं दिसली तर स्क्रीनशॉट पाठवा, खाते नंबर आणि नावं झाकून. पुढच्या भागात त्यातली निवडक घेऊ. भेटू!